उतारावरची हाक

शिरसेबंदरात लग्न असो, बारसं असो की सत्यनारायण, रीतसर बोलावणं आल्याशिवाय कुणी दुसऱ्याच्या घरी पाऊल टाकत नसे. बोलावणंही कसं, तर नवरा-बायकोनं जोडीनं यायचं, ओटीवर बसायचं, पाणी घ्यायचं आणि हातात अक्षता ठेवून सांगायचं. फोनवरून सांगितलेलं तिथे हिशेबात धरत नसत. याला अपवाद एकच, होडी वर काढण्याचा दिवस. मासेमारीचा हंगाम संपला की होड्या वाळूवरून ओढत सुरूच्या बनापर्यंत न्यायच्या. त्या दिवशी तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, पाण्याशी उभा राहून हाक घालायचा आणि ती ज्याच्या कानावर पडेल त्यानं हातातलं काम टाकून दोराला लागायचं. जेवत असला तर हात धुऊन यायचं. मालकाशी वैर असलं तरी यायचं, दोर ओढायचा, आणि हवं तर परत जाऊन वैर चालू ठेवायचं.

हाक साधीच होती. तांडेल "हैऽऽ" म्हणून सूर लावी आणि दोरावरची माणसं "सा!" म्हणून एकदम हिसका देत. होडी हातभर वर येई. पुन्हा "हैऽऽ", पुन्हा "सा!". तांडेलाला एकट्याला ही हाक पुरी करता येत नसे, आणि बाकीच्यांना ती सुरू करता येत नसे.

पुरुषोत्तम खवणेकर हा शिरसेबंदरातला अखेरचा तांडेल. त्याचा आवाज असा की माडावर चढलेला माणूस खाली उतरून यावा. त्याच्यामागे दोरावर पहिली जागा त्याच्या धाकट्या भावाची, हरीची. लहानपणापासूनची. बापानं ज्या दिवशी पुरुषोत्तमला हाक घालायला उभं केलं, त्या दिवशी हरीला त्याच्यामागे उभं केलं होतं. "ह्येचो सूर चुकलो तर तू सांभाळ," असं बाप म्हणाला होता, आणि हरीनं ते चाळीस वर्षं सांभाळलं.

मग हरीच्या मुलीचं लग्न निघालं. घाईत ठरलेलं, नवरदेवाची रजा थोडी, त्यात हरीची बायको तापानं पडलेली. हरीनं थोरल्या भावाला फोन केला. पुरुषोत्तमला वाटलं, आपल्याला परक्यासारखं फोनवर उरकलं. तो लग्नाला गेला नाही. हरीला वाटलं, सख्खा काका मांडवात उभा राहिला नाही, पोरीची नाचक्की झाली. आपापल्या परीनं दोघेही बरोबर होते, म्हणून तर प्रकरण मिटेना. बोलणं बंद झालं. घरं दोन हाकांच्या अंतरावर, पण बाजारात समोरासमोर आले तरी एकजण माशांकडे बघायचा आणि दुसरा आभाळाकडे.

फक्त वर्षातून एक दिवस हरी यायचा. खाकी अर्धी चड्डी, दोर काचू नये म्हणून उजव्या तळव्याला गुंडाळलेला पंचा. यायचा, आपल्या जागी उभा राहायचा. पुरुषोत्तम मागे वळून बघत नसे. "हैऽऽ" म्हणायचा आणि मागून पहिला "सा" यायचा तो हरीचा. दुपार होईस्तो दोघे भाऊ असे एकमेकांशी बोलत राहायचे. होडी वर पोचली की दोर ओढणाऱ्यांना तांडेलाच्या घरून शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, मिळत; हरी त्यांना न थांबता निघून जायचा. पुरुषोत्तमला तेवढं वर्षभर पुरायचं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. बायकोला अर्थात ठाऊक होतं.

दरम्यान काळ काही थांबला नव्हता. होड्यांना विजेची इंजिनं आली. वाडीतली तरुण मंडळी समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामाला लागली, पगार चांगला, महिन्यातले वीस दिवस पाण्यावर. दोरावरचे हात कमी होत गेले. एका वर्षी पुरुषोत्तमच्या हाकेला जेमतेम अकराजण जमले, त्यातले चार साठीपुढचे. 'सातेरी' म्हणजे पुरुषोत्तमची होडी, दोन टनांचं धूड, निम्म्या वाटेवर बसली ती हलेना. संध्याकाळी कशीबशी वर पोचली तेव्हा पुरुषोत्तमची कंबर धरली होती आणि तो पुढचे तीन आठवडे पाटावर बसून जेवू शकला नाही.

त्याची मुलगी कस्तुरी पुण्याला एका प्रयोगशाळेत होती. तिचं कामच मुळी घसरण्याशी. पदार्थ एकमेकांवर का अडतात आणि का सरकतात, यावर तिनं आयुष्याची दहा वर्षं घातली होती. बापाची कंबर गेल्याचं तिला फोनवर कळलं. पुढच्या हंगामाच्या शेवटी ती गाडीच्या टपावर चटईसारख्या गुंडाळ्या बांधून घरी आली. करड्या रंगाच्या, हाताला बुळबुळीत न लागणाऱ्या, उलट जरा खरखरीतच.

"ह्या काय गो?" पुरुषोत्तमनं विचारलं.

"ह्येच्यावरना तुझी होडी जातली. तीन माणसांत."

तो हसला. ती हसली नाही. दुकानातून तिनं अंड्यांचे दोन रिकामे पुठ्ठ्याचे ट्रे मागवले आणि घरापुढच्या खळ्यात बापासमोर मांडी घालून बसली.

"आधी चढ काय करता तां बघ," ती म्हणाली. "होडी सरळ वर उचलूक गेलंस तर दोन टन उचलूचे लागतले. चढावरना नेलीस तर वाट लांबता, पण जोर कमी लागता. आपल्या वाळूचो चढ वीस फुटाक एक फूट. म्हणजे दोन टनांचो विसावो भाग, शंभर किलो. तेवढोच जोर होयो. घराच्या पायऱ्ये, घाटाचो रस्तो, लाकूड फोडूची पाचर, सगळ्यांचो ह्योच सौदो. जोर वाचव, लांबी दी."

"आणि शंभर किलोक माका पंचवीस माणसां लागतत?" पुरुषोत्तम म्हणाला. "तुझ्या पुण्याची माणसां असतली ती."

"तांच तर सांगतंय. ती पंचवीस माणसां होडीक ओढणत नाय. होडीक तिघां पुरे. बाकीची वाळूशी झगडतत."

मग तिनं एक ट्रे दुसऱ्यावर ठेवला. वरच्याचे उंचवटे खालच्याच्या खळग्यांत बसले. "सरकव आता," ती म्हणाली. सरकेना. तिनं वरचा ट्रे हातानं किंचित फिरवला. आता उंचवटे खळग्यांत बसेनात, नुसते टेकून राहिले. बोटानं ढकलला तर वरचा ट्रे सुर्रकन गेला आणि खळ्याबाहेर पडला.

कस्तुरीच्या गुंडाळीत असेच थर होते, फक्त त्यांचे खळगे अणूंएवढे. बारीकशी वीज दिली की वरचा थर केसाएवढा फिरायचा आणि दोन्ही थरांची गाठ सुटायची; मग त्यावर ठेवलेलं काहीही पाण्यावर तेल सरकावं तसं सरकायचं. वीज बंद केली की थर पुन्हा एकमेकांत बसायचे आणि जागच्या जागी घट्ट. कडेला एक हिरवा दिवा होता. दिवा लागलेला म्हणजे गुळगुळीत, विझलेला म्हणजे खरखरीत. चालू-बंद करायची चावी काडेपेटीएवढी. प्रयोगशाळेत त्या पदार्थाला काहीतरी आकड्यांचं नाव होतं. शिरसेबंदरानं दुसऱ्याच दिवशी त्याला 'शेवाळ' म्हणायला सुरुवात केली आणि पुढे सगळीकडे तेच चाललं.

होडी काढायच्या दिवशी वाळूवर शेवाळ अंथरलं. दोरावर पुरुषोत्तम, शेजारचा बाबल तारी आणि बाबलचा मेव्हणा. कस्तुरी चावी घेऊन बाजूला. हाक घालायची गरज नव्हती. तिघेजण हाताच्या अंतरावर उभे होते. "ओढा," असं नुसतं म्हटलं आणि 'सातेरी' निघाली. कण्हली नाही, करकरली नाही. पुरुषोत्तमला पहिल्यांदा वाटलं दोरच तुटला.

निम्म्या वाटेवर जिथे दरवर्षी विसावा घेत तिथे आल्यावर तो सवयीनं ओरडला, "दम!"

दम म्हटलं की दोर सैल सोडायचा, घाम पुसायचा, विडी पेटवायची. होडी कुठे जात नसे; ज्या वाळूनं तिला वर जाताना अडवलेलं असे तीच वाळू तिला धरून ठेवी. बाबलनं इमानेइतबारे दोर सोडला. 'सातेरी' आवाज न करता मागे निघाली. बाबल दोराच्या वेटोळ्यात अडकून वाळूत बसला आणि बसल्या जागी खाली जायला लागला. कस्तुरीनं चावी दाबली. दिवा विझला, होडी खिळल्यासारखी थांबली.

"बाबा, मी सांगितलेलंय ना, मधी दम घेवचो नाय म्हणान," कस्तुरी म्हणाली.

"चुकलंय," पुरुषोत्तम म्हणाला. खरोखरच चुकलं होतं. जी वाळू आयुष्यभर शत्रू वाटली होती, तिनं आयुष्यभर आपल्याला विसावाही दिला होता, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

पुन्हा दोर धरताना त्यानं वर पाहिलं. सुरूच्या बनाशी हरी उभा होता. खाकी चड्डी, तळव्याला पंचा. हाक ऐकून आला नव्हता, कारण हाक झालीच नव्हती. दिवस ठाऊक होता म्हणून आला होता. तो थोडा वेळ तिघांकडे बघत राहिला. मग त्यानं तळव्याचा पंचा सोडला, झटकला, खांद्यावर टाकला आणि आला तसा परत गेला.

अर्ध्या तासात होडी बनात पोचली. द्वारकानं, पुरुषोत्तमच्या बायकोनं, दरवर्षीप्रमाणे टोप भरून शिरवाळे आणि नारळाचा रस केला होता. तिघांनी खाऊन किती खाणार? उरलेले तिनं संध्याकाळी घरोघर वाटले. लोकांनी वाटीतून घेतले, छान झालेत म्हणाले. दोराला हात न लावता शिरवाळे खाण्याची वाडीतली ती पहिलीच वेळ.

पुढच्या वर्षभरात शेवाळ देशभर पसरलं. धान्याच्या गोदामातून पोती एकेकटा माणूस नेऊ लागला. जुन्या इमारतींच्या जिन्यांवर फळ्या टाकून शेवाळ अंथरलं की आजारी माणसाची खुर्ची त्याची बायको एका हातानं वर न्यायची. यात वाईट काय होतं? काहीच नाही. कणकवलीत एका नव्या जोडप्याचा फ्रिज चावी दाबायची राहिल्यामुळे उतारावरून थेट समोरच्या शिंप्याच्या दुकानात गेला, असले किस्से सांगून लोक हसत. कपाट हलवायला शेजाऱ्याला हाक मारायची गरज संपली. शेजारीही खूश होता, त्याची कंबर वाचली. एवढंच की कपाट हलवल्यावर जो चहा व्हायचा तो होईना, आणि चहावर ज्या गप्पा व्हायच्या त्या कुठे गेल्या हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शिरसेबंदरात होड्या वर काढायचा एक दिवस असा राहिला नाही. ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा तो आपली होडी काढी. सकाळी उठून बघावं तर कुणाची तरी होडी बनात आलेली असे. कस्तुरीला सरकारी पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रात बापलेकीचा फोटो आला, त्यात पुरुषोत्तम दातांत काही अडकल्यासारखा हसत होता. लेकीचा त्याला अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. कंबरही दुखत नव्हती. पण त्याला भावाची आठवण येत होती. घर दिसत होतं, घरातला दिवा दिसत होता, पहाटे होडीवर जाताना खोकलेला ऐकू येत होतं, आणि तरी आठवण येत होती.

पुढचा हंगाम सरत आला तेव्हा एकदा जेवताना द्वारका म्हणाली, "आयकलात? हरी भावजी चलले."

"खंय?"

"वसईक, चेडवाकडे. कायमचे. जावयान होडी कोणाक तरी देवन टाकूक सांगितल्यान. ह्या आठवड्यात जातले."

पुरुषोत्तमचा हात ताटात थांबला. "तुका कोणी सांगितल्यान?"

"जावेन. विहिरीवर." द्वारकानं त्याला आमटी वाढली. जावाजावांचं बोलणं कधी बंद पडलंच नव्हतं, ते त्या दोघींनी नवऱ्यांपासून नीट लपवलं होतं. "जावन बोलवन येवा तेंका. भाव तो तुमचो."

"तेना माका फोनवर बोलावल्यान. मी तेच्या घराक जावन बोलवू?"

"बोलवू नकात," द्वारका म्हणाली. "वसईची गाडी सुटली की मगे वाळूत बसान आठवण काढा."

ती काही रागावून बोलली नाही, म्हणून ते जास्त लागलं. दुपारी तो दोनदा चप्पल घालून हरीच्या घराच्या वाटेला लागला आणि दोनदा कुंपणापाशी जाऊन परत आला. हरीला ओटीवर बसून काय सांगायचं? नऊ वर्षांपूर्वीची अक्षतांची गोष्ट काढायची, तर ती अर्ध्यावर सोडून उठता येणार नाही. आणि काढायची नाही, तर मग गेलास कशाला? हाकेचं बरं होतं. हाकेत कोण चुकला होता ते ठरवावं लागत नसे.

कस्तुरी चार दिवसांची रजा घेऊन आली होती, बापाची होडी काढून देऊन परत जाणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शेवाळ अंथरलं, तारा जोडल्या, चावी बापाच्या हातात दिली. "आता तूच चालव," ती म्हणाली, "माझी गरज उरूक नको." बाबल आणि त्याचा मेव्हणा दोराला लागले. हिरवा दिवा लागला. 'सातेरी' पाण्यातून निघून निमूटपणे वर येऊ लागली.

पुरुषोत्तम दोर ओढत होता आणि सुरूच्या बनाकडे बघत होता. तिथे कुणी नव्हतं. यंदा हरी दिवस बघूनही येणार नव्हता, कारण दिवस असा राहिलाच नव्हता. आता होडी वर जाईल, द्वारका चौघांपुरते शिरवाळे वाढेल, आज-उद्या हरी गाडीत बसेल, आणि बापानं मागेपुढे उभी केलेली दोन पोरं म्हातारी होऊन एकमेकांना पाठमोरी मरतील. हे इतकं सरळ त्याला कधी दिसलं नव्हतं.

निम्म्या वाटेवर त्यानं खिशात हात घातला आणि चावी दाबली.

होडी थांबली. बाबलनं दोन-तीन हिसके दिले. मेव्हण्यानं दिले. दोर ताणून तंतूंतून पाणी ठिबकलं, होडी काही केल्या हलेना.

"काय झाला?" कस्तुरी धावत आली. तिनं तारा चाचपल्या, पेटी उघडली, वाकून आकडे बघितले. "बाबा, बॅटरी भरलेली आसा. जोडणी पण बरोबर. मगे..." तिनं मान वर केली. बाप तिच्याकडे बघत नव्हता. एक हात दोरावर, दुसरा खिशात, तोंड वाडीकडे. त्या खिशाकडे तिनं एकदा पाहिलं. तिच्या दहा वर्षांच्या कामाचं बटण त्यात होतं. मग तिनं पेटीचं झाकण हळूच लावलं आणि बाबलच्या मागे जाऊन दोराला हात घातला.

"अगो, मिशन बिघडला तर दुरुस्त कर मां," बाबल म्हणाला. "दोर धरून काय करतंस?"

"ओढूया," कस्तुरी म्हणाली.

पुरुषोत्तमनं छाती भरून श्वास घेतला. दोन वर्षं हाक घातली नव्हती. आवाज फुटेल की नाही याची त्याला खात्री नव्हती, आणि पहिला सूर फाटलाच. दुसऱ्यांदा त्यानं डोळे मिटून घातला. "हैऽऽ..."

बाबल आणि कस्तुरीनं "सा" म्हटलं. मेव्हण्याला ठाऊक नव्हतं, तो नुसता ओढत राहिला. होडी ढिम्म. पुरुषोत्तमनं पुन्हा सूर लावला. आणि पुन्हा. वाडीत कुणाच्या तरी रेडिओचा आवाज बंद झाला. एक कुत्रा भुंकत बनातून बाहेर आला.

त्याच्यामागून हरी आला.

पंचा घरूनच तळव्याला गुंडाळलेला होता. वसईला जायचं म्हणून दाढी नीट केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा, आणि खाली तीच खाकी चड्डी. तो उतरणीवरून सावकाश खाली आला. अंथरलेल्या शेवाळापाशी थांबला. दिव्याकडे बघितलं, तारांकडे बघितलं, मग भावाच्या खिशातल्या हाताकडे बघितलं. हरीच्या स्वतःच्या होडीखालीही हेच शेवाळ वर्षभर होतं. दिवा विझलेला म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पुरुषोत्तमचे कान तापले. चोरी पकडली गेल्यावर लहानपणी तापायचे तसेच.

"दिवो बंद आसा तुझो," हरी म्हणाला.

नऊ वर्षांतलं ते पहिलं वाक्य होतं.

"म्हायत आसा माका."

हरीनं मान हलवली. बाबलला खांद्यानं बाजूला सारलं, तांडेलाच्या मागे आपल्या जागी उभा राहिला आणि दोर हातात घेतला. पाय वाळूत रोवले.

"मगे घाल हाक," तो म्हणाला.

पुरुषोत्तमनं खिशातून हात काढला आणि दोन्ही हातांनी दोर धरला. मागे वळून बघितलं नाही. त्यानं "हैऽऽ" म्हटलं, आणि त्याचा सूर जिथे डळमळला तिथेच मागून "सा" आला, म्हातारा, खोकल्यानं खरवडलेला, पण नेमका. पाचजणांनी जीव खाऊन ओढलं. होडी तसूभरही हलली नाही.

"हालाची नाय ही," पुरुषोत्तम म्हणाला.

"पाचांत कशी हालतली?" हरी म्हणाला. "परत घाल. वाडीत आयकाक येवक नाय अजून."